दोन वारांची एक वांव

समुद्रप्रवासाचें किंवा आरमारी लढायांचें एखादें इंग्रजी पुस्तक घरांतील शाळकरी मुलाच्या हातीं पडलें, म्हणजे दोन-चार पानें वाचून होतात न होतात तोंच त्याचें घोडें अडतें. जहाज किनाऱ्यापासून अमुक 'यार्ड' दूर होतें आणि त्याच्या तळाखालीं अमुक 'फॅदम' पाणी होतें, असें तेथें लिहिलेलें असतें. यार्ड म्हणजे वार, हें आजीच्या नऊवारी लुगड्याच्या कृपेनें त्याला ठाऊक असतें. फॅदमपाशीं मात्र तो थांबतो. त्यानें आईला, आईनें दिराला आणि दिरानें कोशाला विचारल्यावर उत्तर मिळतें: दोन यार्ड म्हणजे एक फॅदम. मुलगा लागलीच विचारतो, "काका, मग सरळ दोन यार्डच कां म्हणत नाहींत?" कोश येथें गप्प बसतो, आणि बहुधा काकाहि.

फॅदमला आपल्या भाषेंत चांगला जुना शब्द आहे, तो म्हणजे वांव. वारांच्या वांवा करावयाच्या तर दोहोंनीं भागावें, आणि वांवांचे वार करावयाचे तर दोहोंनीं गुणावें. नऊ वारांचें लुगडें साडेचार वांव लांब. गणित एवढेंच, त्यासाठीं मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नाहीं. परंतु इंग्रजी आरमारांत एकाच जहाजावरील एकच अधिकारी तोफेच्या पल्ल्याचें अंतर वारांत, समुद्राची खोली वांवांत आणि डोलकाठीची उंची फुटांत सांगत असे, आणि हा प्रकार पिढ्यान् पिढ्या विनातक्रार चालत आला, तेव्हां त्यांत कांहीं तरी मर्म असलें पाहिजे. तीन फुटांचा वार आणि दोन वारांची वांव, अशीं हीं एकाच घराण्यांतलीं मापें असतां प्रत्येकाचें दार वेगळें कां, हा त्या मुलाचा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर न शोधतां नुसता गुणाकार केला, तर गुणाकार बिनचूक येऊनहि जहाज खडकावर जाऊं शकतें. तें कसें, हें पुढें येईलच.

दोन्ही हात आडवे ताणून पसरले असतां एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोंकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत जें अंतर होतें, ती वांव. संस्कृतांत हिला 'व्याम' म्हणतात, आणि अमरकोशाच्या मनुष्यवर्गांत वीत, हात वगैरे शरीराच्या मापांबरोबरच ती दिलेली आहे. इंग्रजी 'फॅदम' या शब्दाचा मूळ अर्थहि पसरलेले बाहू, आलिंगन, असाच आहे. आपण ज्याला कव म्हणतों तीच ही. त्या शब्दाचें पुढें इंग्रजींत क्रियापद झालें, व त्याचा अर्थ 'थांग लावणें, नीट उमजणें' असा झाला. आपणहि एखाद्याच्या मनाचा ठाव लागत नाहीं असें म्हणतांना समुद्राच्याच काठीं उभे असतों.

घरांतील मुलांना सुटीच्या दिवशीं एक उद्योग देण्यासारखा आहे. भिंतीशीं पाठ लावून एकेकाला उभें करावें, हात पसरावयास सांगावे, आणि दोन्ही टोंकांना खडूनें खूण करून तें अंतर मोजावें. मग त्याचीच उंची मोजावी. लहान मूल सोडलें तर बहुतेकांच्या बाबतींत दोन्ही मापें जवळजवळ सारखींच येतील. बोट-दोन बोटांचें अंतर पडेल, क्वचित् चार बोटांचें. म्हणजे माणसाची वांव ही आडवी केलेली त्याची उंचीच होय. आपल्याकडे देह साडेतीन हातांचा म्हणतात. त्या हिशेबानें वांवहि साडेतीन हातांची झाली पाहिजे. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ती नेमकी तशीच आहे. तेथें व्यामाचें मान ८४ अंगुळें दिलें आहे, आणि हात २४ अंगुळांचा आहे. चौऱ्याऐंशीला चोविसांनीं भागून पाहावें. त्याच ठिकाणीं दंड अथवा धनुष्य हें माप ९६ अंगुळांचें, म्हणजे पुऱ्या चार हातांचें, वेगळें सांगितलें आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींतहि चार हातांचा दंड हेंच कोष्टक येतें.

आतां गंमत अशी कीं, हा साडेतीन हातांचा व्याम कशासाठीं वापरावा, तेंहि कौटिल्य सांगतो: दोरी मोजण्यासाठीं आणि खोदकामाची खोली मोजण्यासाठीं. जमिनीला नव्हे, कापडाला नव्हे. दोरीला आणि खोलीला. हजारों कोसांवरच्या इंग्रज खलाशानें फॅदम राखून ठेविला तो याच दोन गोष्टींसाठीं. आमच्या खेड्यांत विहीर अमुक 'पुरुष' किंवा 'परस' खोल आहे असें म्हणतात, तें याच कुळांतलें माप; माणूस उभा करून मोजलेली खोली. या दोन देशांनीं हें एकमेकांपासून उसनें घेतलें असें मानण्याची गरज नाहीं. खोली मोजावयाची तर दोरी सोडावी लागते. आणि दोरी वर ओढतांना दर खेपेस हात जेवढे फांकतात तेवढी एक वांव आपोआप मोजली जाते. दोरी ओढणाऱ्याचे दोन्ही हात दोरींत गुंतलेले असतात. गज धरावयास त्यानें तिसरा हात कोठून आणावा?

वाराचें तसें नाहीं. कापड विकणारा एक आणि घेणारा दुसरा. दोघांची दृष्टि चार बोटें इकडे कीं तिकडे यावर खिळलेली. तेथें दुकानदाराचा हात आंखूड कीं लांब हा वादाचा विषय होतो, आणि म्हणून लोखंडी गज आणि त्यावर सरकारचा छाप लागतो. वार हा शरीरांतूनच निघाला, यांत संशय नाहीं. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री यानें आपल्या नाकाच्या शेंड्यापासून अंगठ्याच्या टोंकापर्यंतचें अंतर म्हणजे यार्ड असें ठरविल्याची दंतकथा प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, तींत एक गोष्ट बरोबर पकडली आहे. नाक शरीराच्या मध्यरेषेवर असतें, म्हणून नाकापासून बोटापर्यंतचा वार हा अर्धी वांवच होतो. दोन वारांची एक वांव हें कोष्टक कोणा पंडितानें बसविलेलें नसून तें आपल्या छातीवर आडवें लिहिलेलें आहे.

तरी पण कायद्यानें हात धरला तो वाराचा. वांवेसाठीं वेगळी पट्टी कधीं झालीच नाहीं. वाराची पट्टी ठरली कीं तिच्या दुपटीनें वांव ठरे. या पट्टीची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १७६० सालीं बनविलेली एक पितळी पट्टी १८२४ च्या कायद्यानें इंग्लंडचा प्रमाण यार्ड ठरली, आणि ही पट्टी कधीं नष्ट झालीच तर लंडन येथें एका सेकंदाला एक झोंका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून ती पुन्हां करावी, अशीहि तजवीज त्याच कायद्यांत केली. दहाच वर्षांनीं, १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं, पार्लमेंटाच्या भट्टींत जुन्या सरकारी हिशेबाच्या लांकडी काठ्या जाळण्यांत आल्या. भट्टी भडकून सारी इमारत पेटली आणि प्रमाण यार्ड निकामी झाला. मग लंबकाचें गणित पुढें आलें, तेव्हां शास्त्रज्ञांच्या लक्षांत आलें कीं, त्या गणितांतच सूक्ष्म दोष आहेत. शेवटीं ठिकठिकाणीं राहिलेल्या नकला जमवून, एकमेकींशीं ताडून, नवी कांशाची पट्टी तयार झाली व १८५५ सालीं तिला कायद्याची मान्यता मिळाली. पुढें १९५९ सालीं इंग्रजी बोलणाऱ्या प्रमुख देशांनीं पट्टीचा नादच सोडला आणि यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, अधिक नाहीं उणें नाहीं, असें ठरविलें. त्याबरोबर वांवहि १.८२८८ मीटरांची झाली.

इतकी काटेकोर वांव खलाशाच्या कधींच हातीं नव्हती. त्याच्याजवळ होती एक दोरी, आणि तिच्या टोंकाला सात ते चौदा पौंडांचा शिशाचा लांबट गोळा. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यांतून जहाज चाललें कीं एक खलाशी कडेला उभा राही, गोळा झुलवून पुढें फेंकी आणि जहाज त्या जागेवर येऊन दोरी उभी ताणली गेली कीं खोली वाची. ही दोरी साधारण पंचवीस वांवांची असे. तिच्यावर आंकडे लिहिलेले नसत. दोन वांवांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन पट्ट्या, पांचवर पांढऱ्या सुती कापडाची चिंधी, सातवर लाल लोकरी कापडाची, दहावर भोंक पाडलेला चामड्याचा तुकडा, तेरावर निळें सर्ज, पंधरावर पुन्हां पांढरें, सतरावर पुन्हां लाल, आणि विसावर दोन गांठी मारलेली सुतळी.

या चिंध्यांचा रंग दिवसा उपयोगीं. पण वादळी रात्रीं, दिवा टिकत नसतां, खलाशी त्या बोटांनीं चांचपून, आणि बोटें गारठलीं तर ओंठांनीं किंवा जिभेनें ओळखी. सुती कापड गुळगुळीत, लोकरी भरड, सर्ज त्याहून वेगळें, चामड्याला भोंक. आमच्या घरांतील ज्या स्त्रिया अंधारांत हात घालून डबा उघडल्याशिवाय डाळ कोणती तें सांगतात, त्यांना ही युक्ति समजावून देण्याची गरज पडणार नाहीं. ज्या वांवांवर खूण होती त्यांना 'मार्क' म्हणत, आणि मधल्या बिनखुणेच्या वांवांना 'डीप'. पांच वांव पाणी लागलें तर 'मार्क पांच', सहा लागलें तर 'डीप सहा', अशी लांबट सुरांतली आरोळी तो देई, आणि सुकाणूवरचा माणूस ती ऐकून जहाज वळवी. खूण स्पर्शानें पाहिली कीं अंदाजानें धरली, तेंहि त्या आरोळींत सांगितलेलें असे. प्रामाणिक मोजणीची याहून चांगली पद्धत मला तरी ठाऊक नाहीं.

गोळ्याच्या बुडाला एक खळगा असे, व त्यांत चरबी भरीत. तळाला टेंकून वर आलेल्या चरबीला वाळू चिकटली आहे, चिखल, कीं शिंपल्यांचा चुरा, हें पाहून कप्तान आपण कोठें आहों तें ताडी. धुकें पडून किनारा दिसेनासा झाला म्हणजे ही चिमूटभर वाळू हाच त्याचा खुणेचा दगड.

अमेरिकेंतील मिसिसिपी नदीवर चालणाऱ्या आगबोटींत हीच दोरी असे. तेथें दोन वांव, म्हणजे बारा फूट, पाणी असलें कीं बोट निर्धास्त. त्या खुणेची आरोळी 'मार्क ट्वेन', म्हणजे 'खूण दुसरी'. तेथें कांहीं वर्षें सुकाणू धरलेल्या सॅम्युएल क्लेमेन्स नांवाच्या गृहस्थानें पुढें तीच आरोळी आपलें टोपणनांव केलें. टॉम सॉयरच्या गोष्टी ज्या मुलांनीं वाचल्या आहेत त्यांना हें सांगावें. लेखकाचें नांव म्हणून ती मुलें ज्याचा उच्चार करतात तें वस्तुतः चार वार पाणी आहे.

किनारा सुटला कीं ही लहान दोरी अपुरी पडते. खोल समुद्रांत दोरीच तिच्या वजनानें खालीं खालीं जात राहते, आणि गोळा तळाला टेंकला तरी हाताला कळत नाहीं. सर विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, यांनीं १८७२ सालीं दोरीऐवजीं पियानोची बारीक तार वापरून बिस्केच्या उपसागरांत २,७०० वांव खोलीवर तळ गांठून दाखविला. तरीहि त्याच वर्षीं निघालेल्या 'चॅलेंजर' या प्रसिद्ध शोधनौकेनें ताग्याची दोरीच पत्करली. २३ मार्च १८७५ रोजीं प्रशांत महासागरांत, मेरियाना बेटांच्या आसपास, तिची दोरी ४,४७५ वांवांवर टेंकली. वार केले तर हे ८,९५० वार. म्हणजे पांच मैल आणि वर दीडशें वार. आमच्या वाचकभगिनींच्या मापांत बोलावयाचें तर नऊवारी लुगडीं टोंकास टोंक जोडून सोडीत गेलें असतां ९९४ लुगडीं संपतात, आणि तरी तळ चार वार खालीं राहतो.

येथें क्षणभर थांबावें. ४,४७५ ही संख्या पंचविसांनीं नि:शेष भागली जाते, हें पाढे पाठ असलेल्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. त्या दोरीवर खुणा होत्या पंचवीस-पंचवीस वांवांवर. म्हणजे ही खोली तेवढ्याच ठोकळमानानें घेतलेली आहे; शिवाय दोरी ओलाव्यानें ताणते-आंखडते, आणि जहाज प्रवाहाबरोबर सरकतें. आतां कोणी हुशार विद्यार्थी या आंकड्याला १.८२८८ नें गुणील आणि ८,१८३.८८ मीटर असें उत्तर मांडील. गुणाकाराला पुरे गुण द्यावे; पण त्या उत्तरांतील शेवटचे ८८ सेंटिमीटर समुद्रांत कोणी मोजलेले नाहींत, ते कागदावर जन्मले आहेत. मूळ मोजणाऱ्यानें जें पाहिलें नाहीं तें माप बदलल्यानें दिसूं लागत नाहीं. सुमारें ८,२०० मीटर म्हणणें हें येथें अधिक खरें. त्याच प्रदेशांतील समुद्रतळाची सर्वांत खोल जागा सुमारें १०,९०० मीटर, म्हणजे सुमारें ५,९६० वांव भरते. १९६० सालच्या जानेवारींत जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे 'त्रियेस्त' नांवाच्या बुडनौकेंतून तेथें प्रत्यक्ष उतरून आले.

खोल पाण्याची ही मोजणी केवळ जिज्ञासेपोटीं चाललेली नव्हती. १८६५ च्या ऑगस्टांत 'ग्रेट ईस्टर्न' हें अवाढव्य जहाज अटलांटिक महासागरांत तारायंत्राची केबल घालीत असतां केबल तुटली आणि तिचें टोंक सुमारें दोन हजार वांव पाण्यांत गेलें. चार हजार वार. सव्वादोन मैलांहून अधिक. एवढ्या खोलीवर लोखंडी आंकडा सोडून हातभरहि जाड नसलेली वस्तु चांचपून शोधावयाची. त्या वर्षीं तें साधलें नाहीं. पण १८६६ च्या सप्टेंबरांत त्याच जहाजानें ती केबल आंकड्यांत धरून वर आणली, जोडली व पुरी केली. हेंच 'ग्रेट ईस्टर्न' १८७० सालच्या आरंभीं मुंबईस आलें आणि तेथून एडनपर्यंत समुद्रांतली केबल घालीत गेलें. विलायतेची बातमी मुंबईस समुद्राखालून येऊं लागली ती त्या वर्षापासून. अरबी समुद्राचा तळ कोठें किती वांवांवर आहे हें अगोदर ठाऊक नसतें, तर किती केबल जहाजावर घ्यावी हेंहि कोणास सांगतां आलें नसतें.

आतां मघां सांगितलेल्या खडकाकडे वळूं. दोरीनें घेतलेल्या खोल्या सागरी नकाशांवर आंकड्यांनीं छापतात. जुन्या इंग्रजी नकाशांवर ६ हा आंकडा व त्याच्या पायाशीं बारीक २ असा असला, तर त्याचा अर्थ सहा वांव दोन फूट, म्हणजे ३८ फूट पाणी. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इंग्रज आरमाराच्या नकाशाखात्यानें आपले नकाशे मीटरांत करण्यास आरंभ केला, व तें काम बरींच वर्षें चाललें. मीटरांच्या नकाशावर ६ व पायाशीं बारीक २ याचा अर्थ ६.२ मीटर, फूट केले तर जेमतेम २० फूट ४ इंच. छपाई तीच, आंकडा तोच, आणि पाणी मात्र निम्म्याच्या जवळ. ज्या जहाजाचें बूड पंचवीस फूट पाण्यांत असतें, तें जुन्या संवयीनें हा नवा नकाशा वाचून पुढें गेलें तर तळाखालीं तेरा फूट पाणी आहे या भरंवशावर सरळ जमिनीला लागेल.

उलट चूक झाली, म्हणजे वांवांचा नकाशा मीटरांचा समजला, तर नुकसान थोडें. पाणी असतें त्याहून कमी वाटतें आणि जहाज विनाकारण लांबून वळसा घेतें. दोन चुकांचें वजन सारखें नसतें, हें आमच्या अंकगणिताच्या पुस्तकांत कोठेंच सांगितलेलें नसतें. तेथें दोन्ही चुकांना शून्यच गुण. म्हणूनच नकाशाच्या कडेला 'खोली वांवांत' किंवा 'खोली मीटरांत' हे शब्द मोठ्या अक्षरांत छापतात, मीटरांचे नकाशे रंगांनींहि वेगळे ओळखूं येतील असे करतात, आणि नाविकाला पहिल्याच दिवशीं शिकवितात कीं, आंकडा पाहण्याआधीं कड पाहावी.

आंकडा व माप दोन्ही बरोबर वाचूनहि भागत नाहीं, याचें एक अलीकडचें उदाहरण आहे. ७ ऑगस्ट १९९२ रोजीं 'क्वीन एलिझाबेथ २' हें नामांकित प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यानजीक कटीहंक बेटाजवळ खडकाला घांसलें. नकाशावर तेथें ३९ फूट पाणी होतें. आपल्या मापानें बरोबर साडेसहा वांव. जहाजाचें बूड बत्तीस फुटांच्या थोडें खालीं. हिशेबानें सहा-सात फूट मोकळे उरत होते. परंतु नकाशाच्या मुळाशीं १९३९ सालची मोजणी होती, आणि ती मोजणी होण्याच्या ठिकाणांमध्यें जो खडक होता तो कोणाच्याच मापांत सांपडलेला नव्हता. त्यांत भर अशी कीं, उथळ पाण्यांतून वेगानें जाणारें जहाज स्थिर उभ्या जहाजापेक्षां अधिक खोल बसतें, आणि तें किती बसेल याचा अंदाज कमी पडला. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. दोरी किंवा तिच्या काळांतलें कोणतेंहि साधन एका जागीं तळाला टेंकतें. दोन टेंकण्यांमध्यें काय आहे तें तिला दिसत नाहीं. आज ध्वनीचे पंख्यासारखे पसरलेले किरण सोडून पट्टेच्या पट्टे मोजतात, आणि प्रतिध्वनि परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून खोली काढतात. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें दीड हजार मीटर जातो. हीं यंत्रें प्रथम निघालीं तेव्हां इंग्रजी कारागिरांनीं तीं सेकंदाला ८२० वांव धरून आंखलीं होतीं. दोरी गेली, तरी वांव राहिली.

ती आजहि पुरती गेलेली नाहीं. आमच्या देशांत १९५६ च्या कायद्यानें मीटर आला आणि दुकानांतला वार कागदोपत्रीं संपला. पण सहावारी साडी दुकानदार साडेपांच मीटर म्हणून देतो, आणि नऊवारी सव्वाआठ मीटर म्हणून. कोणा शहाण्यानें मीटरांत विचार करून साडेपांच हा आंकडा निवडला असता काय? सहा वारांचे ५.४८६ मीटर होतात, त्याला सोईनें साडेपांच केलें, इतकेंच. जहाजावर हाच प्रकार आहे. नांगराच्या साखळीचा एक ठरीव तुकडा, ज्याला 'शॅकल' म्हणतात, तो आज साडेसत्तावीस मीटरांचा मोजतात. तो पूर्वींच्या पंधरा वांवांचा आहे. दोरखंडाचें वेटोळें २२० मीटरांचें येतें. तें पूर्वींच्या १२० वांवांचें. साडेसत्तावीस आणि दोनशें वीस हे आंकडे मीटरांच्या घरांत नांदत असले तरी त्यांचें माहेर वांवांत आहे. आणि ज्यांना जुळवाजुळव आवडते त्यांच्यासाठीं: नांगराच्या साखळीचा एक शॅकल म्हणजे बरोबर पांच सहावारी साड्या.

तोंडी हिशेबासाठीं एक सोपी रीत सांगून हें पुरें करतों. वांवांचे मीटर करावयाचे असतां आधीं दुप्पट करावी व त्या दुपटींतून तिचा बारावा हिस्सा वजा करावा. बारा वांवांची दुप्पट चोवीस, त्यांतून दोन गेले, बावीस मीटर. कांटेकोर उत्तर २१.९५ येतें, शेंकडा पाव भागाचा हा फरक दोरीच्या ओलाव्यांतच बुडून जातो. वारांचे मीटर करतांना दुप्पट न करतां थेट बारावा हिस्सा कमी करावा. नऊवारी घ्या: नवांतून पाऊण गेला, सव्वाआठ राहिले.

मुलांसाठीं या महिन्याचा प्रश्न: एका जुन्या नकाशावर, जो वांवांत आहे, बंदराच्या तोंडाशीं ९ व त्याच्या पायाशीं बारीक ३ असा आंकडा आहे. पाण्याची पातळी तीच धरून, मीटरांच्या नव्या नकाशावर त्याच जागीं कोणता मोठा आंकडा आणि कोणता बारीक आंकडा छापला जाईल? आणि ज्या जहाजाचें बूड वीस वार लांबीच्या दोरीच्या एक तृतीयांशाइतकें पाण्यांत आहे, तें तेथून जाऊं शकेल काय? आधीं माप कोणतें तें पाहावें, मग गुणाकार करावा. उत्तर पुढील अंकीं.